हा आकडा आला कुठून? रिअल इस्टेट प्लॅनिंगचं ॲप पहिल्यांदाच डिझाइन करणाऱ्यांसाठी

रिअल इस्टेट प्रोजेक्टच्या प्लॅनिंगचं ॲप करायचं म्हटलं की नव्या माणसाच्या डोळ्यासमोर आधी येते ती थ्रीडी बिल्डिंग, बोटाने गोल फिरवता येणारी. माझ्याही आली होती. असल्या ॲपचं काम पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी दोन आठवडे नुसता डॅशबोर्ड रंगवत बसलो होतो, आणि मग ज्यांच्यासाठी तो होता त्या गृहस्थांना दाखवला तर त्यांनी एका मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा आला कुठून?" मला काही सांगता येईना. त्यांनी शांतपणे लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि आपली एक्सेल उघडली.

तेव्हापासून या प्रकारच्या ॲपमधला प्रत्येक स्क्रीन मी याच प्रश्नावर तपासतो, आणि खाली जे काही सांगतोय ते फिरून फिरून तिथेच येणार आहे हे आधीच सांगून ठेवतो.

पायरी १: स्क्रीन काढण्याआधी लोकांच्या एक्सेल मागा

या कामात किमान चार तऱ्हेची माणसं असतात. जमीन घ्यायची की नाही हे ठरवणारा डेव्हलपर, प्लॉटवर किती आणि कसं बसेल ते सांगणारा आर्किटेक्ट, पैसा कधी लागेल ते बघणारा फायनान्सवाला, आणि उन्हात उभा राहून काम करून घेणारा साइट इंजिनिअर. चौघांचं "प्लॅनिंग" वेगळं असतं, आणि मजा म्हणजे आकडे भरणारा एक आणि त्यावर निर्णय घेणारा भलताच, त्यामुळे एकाशी बोलून डिझाइन केलं की दुसरा ते वापरतच नाही.

त्यांना "तुम्हाला ॲपमध्ये काय हवं" असं विचारू नका, कोणीही सांगेल की सगळं हवं. त्याऐवजी मागच्या प्रोजेक्टची खरी फाइल उघडायला सांगा आणि शेजारी बसून बघा. कुठल्या सेलला पिवळा रंग दिलाय, कुठे कॉमेंट टाकलीय, कुठली शीट लपवून ठेवलीय, फाइलच्या नावापुढे फायनल हा शब्द किती वेळा आलाय. पिवळा रंग म्हणजे बहुतेक वेळा "हे अजून पक्कं नाही", लपवलेली शीट म्हणजे "हे सगळ्यांना दाखवायचं नाही", आणि चार फायनल म्हणजे जुनी आवृत्ती परत मिळवायची सोय नाही म्हणून घेतलेली खबरदारी. तुमच्या ॲपची अर्धी फीचर लिस्ट तिथेच पडलेली असते हो, फक्त कोणी वाचत नाही.

पायरी २: दोनच प्रश्न निवडा

जमीन शोधणं, फिजिबिलिटी (म्हणजे परवडतं का याचा हिशोब), डिझाइन, मंजुऱ्या, कर्ज, बांधकाम, विक्री, ताबा. एवढा सगळा प्रवास एका ॲपमध्ये कोंबायला गेलात की मेनूच इतका लांब होतो की बघणाराच दमतो. पहिल्या आवृत्तीसाठी माझं सरळ मत आहे, की दोनच गोष्टी घ्या: "हा प्लॉट परवडतो का" आणि "काय अडलं तर काय लांबेल". थ्रीडी, चॅट, एआयचा सल्लागार हे सगळं नंतर. बिल्डिंगची मॉडेल फाइल आयात करायची मागणी येईलच, त्यासाठी आयएफसी नावाचा खुला फॉरमॅट आहे, आयएसओ १६७३९ म्हणून तो प्रमाणित आहे, एवढं डोक्यात ठेवा आणि पुढे चला. आधी कळस मग पाया करू नका, आणि हे बांधकामाच्याच ॲपबद्दल सांगावं लागतंय!

पायरी ३: प्रत्येक आकड्याला ओळखपत्र द्या

हा भाग रंगबटणांच्या आधी येतो आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. कागदावर साखळी काढा: प्लॉटचं क्षेत्रफळ, त्यातून मिळणारं बांधकाम, त्यातलं विकण्याजोगं क्षेत्र, त्यावरून विक्री, एकीकडे खर्च, एकीकडे वेळ, आणि वेळेवरून व्याज. साधं उदाहरण घ्या, प्लॉट ४,००० चौरस मीटर आणि एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, २.५, काही ठिकाणी यालाच एफएआर म्हणतात, म्हणजे बांधकाम झालं १०,००० चौरस मीटर, आणि जिने, लिफ्ट, पॅसेज वगैरे वजा जाऊन ८० टक्के विकता येत असेल तर हातात ८,०००. आता हा ८० कुठून आला? आर्किटेक्टने ड्रॉइंगवरून मोजला, की मागच्या प्रोजेक्टवरून ठोकून दिला? दोन्ही ठिकाणी स्क्रीनवर ८० च दिसणार, पण त्यावर ठेवायचा भरवसा अजिबात सारखा नाही.

म्हणून डेटाबेसमध्ये नुसती किंमत ठेवू नका. आकडा, त्याचं युनिट, कोणी टाकला, कधी टाकला, कशावरून टाकला, आणि तो अंदाज आहे, कोटेशन आहे की पक्का आहे, एवढं प्रत्येकाबरोबर ठेवा. स्क्रीनवर हे सगळं सतत दाखवायची गरज नाही, नाहीतर गर्दी होईल, अंदाज असेल तर आकड्याखाली तुटक रेघ, पक्का असेल तर काही नाही, आणि आकड्यावर बोट ठेवलं की छोट्या पट्टीत पूर्ण हिशोब. नुसत्या रंगावर हा फरक सोडू नका, लाल-हिरवा नीट न ओळखू शकणारे पुरुष बरेच असतात, युरोपीय वंशाच्या लोकांत तर साधारण १२ पुरुषांमागे एक.

युनिटचं पण आत्ताच ठरवा. आत साठवायचं एकाच युनिटमध्ये, दाखवायचं ज्याला जे हवं त्यात. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, एकर म्हणजे ४,०४७ च्या आसपास. एकाने चौरस फुटाचा दर टाकला आणि दुसऱ्याने तो चौरस मीटरचा समजला तर हिशोब दहापटीहून जास्त चुकतो, त्यामुळे युनिट नेहमी रकान्याच्या आतच, आकड्याला चिकटून दिसलं पाहिजे, वर हेडिंगमध्ये कुठेतरी लिहून चालत नाही. आणि पैसे सगळ्यात लहान नाण्याच्या पूर्णांकात साठवा, कारण कॉम्प्युटरच्या दशांशात ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेपटाला भलताच आकडा लटकतो, आणि फायनान्सवाल्याला एका पैशाचा फरक दिसला की त्याचा बाकीच्या सगळ्यावरचा विश्वास उडतो.

पायरी ४: नकाशा, म्हणजे सगळ्यात देखणा खड्डा

नकाशावर बोटाने प्लॉटची हद्द काढली की क्षेत्रफळ आपोआप येतं, डेमोला एकदम भारी दिसतं. पण बहुतेक ऑनलाइन नकाशे वेब मर्केटर प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी चपटी करून दाखवायच्या एका पद्धतीत, असतात आणि ते विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितकं क्षेत्रफळ फुगवतं. २० अक्षांशावर सुमारे १३ टक्के, ४५ वर दुप्पट, ६० वर तर चौपट. त्या चपट्या नकाशाच्या कोऑर्डिनेटवरून क्षेत्रफळ काढलंत तर फिजिबिलिटी पहिल्याच ओळीला आडवी झाली म्हणून समजा. पृथ्वीचा गोलवा धरून हिशोब करणारं फंक्शन वापरा, पोस्टजीआयएस या नकाशांचा डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसच्या जोडणीत त्यासाठी जिऑग्राफी टाइप आहे.

दुसरी गंमत कोऑर्डिनेटच्या क्रमाची. बोलताना सगळे आधी अक्षांश मग रेखांश म्हणतात, नकाशाचा डेटा ठेवायच्या जिओजेसन फॉरमॅटमध्ये मात्र आधी रेखांश असतो, २०१६ च्या प्रमाणात तसं स्पष्ट लिहिलंय. क्रम उलटा पडला की प्लॉट कुठल्यातरी समुद्रात जाऊन बसतो. समुद्रात गेला तर नशीब, निदान चूक दिसते तरी.

आणि एवढं करूनही नकाशावरचं क्षेत्रफळ म्हणजे अंदाजच. कागदपत्रातलं वेगळं, मोजणीतलं वेगळं, नकाशावरचं वेगळं असं सर्रास असतं. ॲपने त्यातलं एक गुपचूप निवडू नये, तिन्ही शेजारी शेजारी दाखवावेत आणि हिशोबाला कुठलं धरायचं ते माणसाला ठरवू द्यावं.

पायरी ५: परवडतं का, हा स्क्रीन

इथे जास्तीत जास्त सात-आठ रकाने असावेत, बाकी सगळं "अजून तपशील" च्या मागे. प्रत्येकात आधीच काहीतरी भरलेलं असू द्या, अर्थात अंदाजाची तुटक रेघ मारून, कारण कोरा फॉर्म बघितला की माणूस परत एक्सेलकडे पळतो.

डेव्हलपर जमिनीची किंमत उलट बाजूने काढतो हे समजून घ्या: एकूण विक्रीतून बांधकाम, फी, व्याज आणि आपला नफा वजा केला की जे उरतं तेवढंच जमिनीला देता येतं. समजा विक्री १००, बांधकाम ५५, फी आणि व्याज मिळून १२, नफा १८. जमिनीला उरले १५. आता विक्री फक्त ५ टक्क्यांनी घसरली आणि बाकी काही हललं नाही, तर जमिनीला उरतात १०, म्हणजे ५ टक्क्यांच्या हालचालीने जमिनीची किंमत थेट एक तृतीयांशाने खाली आली! बांधकाम १० टक्क्यांनी महागलं तर १५ चे साडेनऊ. हा झटका माणसाला दिसला पाहिजे, आणि तो तक्त्याने दिसत नाही, स्लायडरने दिसतो. विक्रीचा दर बोटाने खाली ओढला की जमिनीचा आकडा हाताखालीच घसरताना दिसला पाहिजे.

आणि इथे वेगाचा प्रश्न येतो. युजेबिलिटीवाले जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा अजून वापरतात: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते लगेच घडल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचार तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. स्लायडरला ०.१ च्या आत उत्तर हवं, म्हणजे हा हिशोब सर्व्हरवर पाठवून चालणार नाही, तो फोनमध्येच व्हायला हवा, आणि ही गोष्ट डिझायनरने डेव्हलपरला, म्हणजे कोड लिहिणाऱ्या डेव्हलपरला, पहिल्याच मीटिंगमध्ये सांगायला हवी, नंतर सांगितली तर तो तुमचं तोंड बघणार नाही.

आयआरआर, म्हणजे गुंतवलेल्या पैशावरचा वार्षिक परतावा टक्क्यांत, पहिल्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लावायचा मोह टाळा. पैसा आधी बाहेर, मग आत, मग परत बाहेर असा फिरला की आयआरआरची एकाहून जास्त उत्तरं निघू शकतात आणि ॲप त्यातलं कुठलं तरी एक ठामपणे दाखवतं. नफा, जमिनीला उरलेली रक्कम, आणि खिशातून सगळ्यात जास्त पैसा कुठल्या महिन्यात अडकलेला असेल तो आकडा, हे तीन पुरेत. तिसऱ्यावर लोक सगळ्यात जास्त वेळ थांबतात असं माझं निरीक्षण आहे.

पायरी ६: वेळापत्रक

गँट चार्ट, म्हणजे कामांच्या आडव्या पट्ट्यांचं वेळापत्रक, १९१० च्या दशकापासून चालत आलाय, हेन्री गँट यांच्या नावाने, आणि क्रिटिकल पाथची, म्हणजे कुठली कामं लांबली की सगळा प्रोजेक्ट लांबतो ते शोधायची, पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी आली. दोन्ही उत्तम, पण मोबाइलच्या स्क्रीनवर २०० आडव्या पट्ट्या म्हणजे डोळ्यांना शिक्षा. मोबाइलवर यादी द्या: या आठवड्यात काय सुरू, काय अडलंय, आणि ते कोणामुळे अडलंय. चार्ट मोठ्या स्क्रीनसाठी राहू दे. तिथेही क्रिटिकल पाथला लाल रंग फासून सोडून देण्यापेक्षा पट्टीवर "हे १० दिवस लांबलं तर ताबा १० दिवस लांबेल" किंवा "याला १४ दिवस सवड आहे" असं वाक्यात लिहा, सवडीसाठीचा फ्लोट हा शब्द माहीत नसलेल्यालाही कळतं.

नव्या लोकांची हमखास होणारी एक चूक सांगतो. सगळ्या कामांना एकच कॅलेंडर लावतात, आठवड्याची सुट्टी वजा करून. पण कॉन्क्रीट सुट्टी घेत नाही! क्युरिंग, म्हणजे कॉन्क्रीट ओलं ठेवून मुरवणं, रविवारीही चालू असतं, ताकदीची नेहमीची चाचणी २८ व्या दिवशी धरतात ते २८ दिवस कॅलेंडरचे असतात, कामाचे नाहीत. मंजुरीची मुदतही बऱ्याचदा कॅलेंडरच्या दिवसांत असते, आणि गवंडी-सुतारांचे मात्र कामाचे दिवस. म्हणजे प्रत्येक कामाला आपलं कॅलेंडर निवडता आलं पाहिजे, आणि डीफॉल्ट कामाच्या प्रकारावरून आपोआप लागलं पाहिजे, दर वेळी विचारत बसू नका.

मंजुऱ्यांचं दुखणं वेगळंच. ३० दिवसांतही होते, ६० लागणं नेहमीचं, आणि बिघडलं तर १८०. यात एकच तारीख मागितली की माणूस मनाला येईल ती टाकतो, आणि मग ती तारीख चार्टवर गेली की सगळ्यांना ती ब्रह्मवाक्य वाटायला लागते. तीन आकडे मागा. पर्ट नावाच्या अंदाज काढायच्या पद्धतीत मधल्याला चारपट वजन देऊन सहाने भागतात, म्हणजे ३० अधिक २४० अधिक १८०, भागिले ६, आले ७५. पण स्क्रीनवर नुसता ७५ लिहू नका, पट्टी ३० पर्यंत गडद आणि पुढे १८० पर्यंत फिकट होत जाणारी दाखवा, आणि ७५ वर एक छोटी खूण. तीच तुटक रेघेची कल्पना, फक्त वेळेला लावली.

मिळालेल्या मंजुरीलाही मुदत असू शकते हे लक्षात असू द्या. मिळाली की हिरवी टिक मारून मोकळं होणारी ॲप्स नंतर गोत्यात आणतात, टिकच्या शेजारी संपायची तारीख हवी आणि महिनाभर आधी आठवण.

पायरी ७: साइटवरचा फोन

ऑफिसमध्ये बसून साइटचा स्क्रीन डिझाइन करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. एकदा तरी भर दुपारी साइटवर जा, हातात धूळ, स्क्रीनवर ऊन, तळघरात नेटवर्क शून्य. मग आपोआप कळतं की फिकट राखाडी अक्षरं का चालत नाहीत. साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, असा वेब ॲक्सेसिबिलिटीचा नियम आहे, उन्हासाठी मी ७ ला १ धरतो. बटणांना ॲपल ४४ पॉइंट आणि अँड्रॉइडवाले ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरच्या मापाची एककं) सांगतात, ग्लोव्ह घातलेल्या बोटासाठी त्याहून मोठी ठेवा.

नेटवर्क नसलं तरी नोंद झालीच पाहिजे, आधी फोनमध्ये, मग नेटवर्क आलं की वर. आणि ते स्पष्ट दिसू द्या: "३ फोटो अजून पाठवायचे आहेत". दोघांनी एकाच कामाची वेगवेगळी नोंद केली तर शेवटचा जिंकला असं परस्पर ठरवू नका, दोन्ही दाखवा आणि विचारा. टायपिंग जवळजवळ नको, फोटो, टक्क्यांचा स्लायडर, आणि अडलं असेल तर कारणांची छोटी यादी.

ड्रॉइंगच्या रिव्हिजनबद्दल कडक राहा. साइटवर उघडेल ते नेहमी ताजंच, जुनं उघडलंच तर पूर्ण पानावर आडवं "रद्द" लिहिलेलं. जुन्या ड्रॉइंगवरून उभी राहिलेली भिंत मी पाडताना बघितलीय, मग त्यानंतर माझ्या डिझाइनमध्ये ते "रद्द" फार मोठं झालं.

पायरी ८: बारीकसारीक, पण नसेल तर बोंब

परवानग्या तीनच ठेवा सुरुवातीला: बघणारा, बदलणारा, मंजूर करणारा. "नक्की डिलीट करायचं?" विचारण्यापेक्षा अनडू द्या. तारखेत महिना अक्षरात लिहा, ०३/०४ हे कोणाला ३ एप्रिल वाटतं तर कोणाला ४ मार्च. एक्सेलमधून कॉपी करून सरळ पेस्ट करता आलं पाहिजे, आणि एक्सपोर्ट करताना नुसते मेलेले आकडे न देता फॉर्म्युल्यासकट द्या, कारण कर्ज देणाऱ्याच्या टेबलावर तीच फाइल जाते आणि तिथेही पहिला प्रश्न तोच येतो, हा आला कुठून.

पायरी ९: पाच जणांना द्या आणि गप्प बसा

फिग्मा या डिझाइनच्या टूलमध्ये क्लिक होणारा प्रोटोटाइप झाला की कोड लिहायच्या आधी टेस्ट घ्या. नीलसन यांचंच प्रसिद्ध म्हणणं आहे की ५ जणांत बहुतेक मोठ्या अडचणी सापडतात, पण ते एकाच तऱ्हेच्या वापरणाऱ्यांबद्दल, त्यामुळे जमीन घेणारे पाच डेव्हलपर वेगळे आणि पाच साइट इंजिनिअर वेगळे धरा, सगळ्यांची खिचडी करू नका. शेवटी आकड्यात काही हवं असेल तर एसयूएस (सिस्टम युजेबिलिटी स्केल) ही वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारी १० प्रश्नांची जुनी प्रश्नावली आहे, जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली, तिची सरासरी १०० पैकी ६८ च्या आसपास धरतात.

काम मात्र खरं द्या. "कसं वाटलं" नको, "विक्री ५ टक्क्यांनी पडली आणि मंजुरी दोन महिने लांबली, तर जमिनीला जास्तीत जास्त किती देशील" असं विचारा आणि हात मागे बांधून बसा, कितीही चुकीचं बटण दाबलं तरी. तो मध्येच शेजारचा लॅपटॉप ओढून एक्सेल उघडायला गेला तर अडवू नका, कुठल्या आकड्यासाठी गेला तेवढं लिहून घ्या. पुढच्या आवृत्तीतलं पहिलं काम तेच.